नळाच्या पायपांना बाँडिंग करावं का? आधी पाईप कसला आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोथरूडचा जुना फ्लॅट आहे, बाथरूम फोडून नव्याने करताय, लंडनचा भाऊ म्हणतो पाण्याच्या आणि गॅसच्या पायपांना बाँडिंग (म्हणजे धातूचा पाईप तांब्याच्या वायरने घराच्या अर्थला जोडणं) पाहिजेच आणि इथला वायरमन म्हणतो आपल्याकडे असलं कोणी करत नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की गीझर चालू असताना नळाला कधी कधी झिणझिण्या येतात. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

गीझर आजच बंद करा, नुसतं बटण नाही तर प्लगच काढा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. झिणझिण्या येतात म्हणजे बहुतेक एलिमेंट लीक आहे आणि त्या सॉकेटला अर्थ नाही किंवा नावाला आहे. अर्थ नीट असता आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडा करंट गळला तरी सप्लाय तोडणारा स्विच) असता तर तो केव्हाच ट्रिप झाला असता. हा दोष बाँडिंगने जात नाही, त्याला अर्थची वायर पिटपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या अर्थच्या खड्ड्यापर्यंत, शोधत जावं लागतं.

आता भाऊ म्हणतो ते का म्हणतो. घरात कुठे फॉल्ट झाला की जी जी वस्तू अर्थला जोडलेली आहे तिच्यावर थोडा वेळ व्होल्टेज चढतं. समजा तुमच्या पिटचा रेझिस्टन्स ५ ओहम आहे, तर जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहणार, आणि १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा बोर्डातला स्विच) झटक्यात पडायला निदान ८० अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी तापून पडेपर्यंत गीझरची बॉडी तशीच लाइव्ह. त्याच वेळी जमिनीतून आलेला लोखंडी पाईप मात्र शून्यावर असतो. एक हात गीझरवर आणि एक नळावर, की संपलं. दोन्ही जाड तांब्याच्या वायरने जोडलेले असले तर दोघांचं व्होल्टेज एकत्र चढतं आणि मधला फरक फारसा राहत नाही. बाँडिंगचं काम एवढंच. आपल्या आयएस ३०४३ मध्येही, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकात, ते आहे, त्यामुळे आपल्याकडे नसतंच हे वायरमनचं म्हणणं बरोबर नाही.

पण पाईप कसला आहे? नव्या बाथरूममध्ये सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाईप, टाकणार असाल तर भिंतीतून बाहेर आलेला पितळी नळ हा नुसता सुटा धातू आहे, तो बाहेरून काहीच आणत नाही. त्याला मुद्दाम अर्थ जोडला तर दुसरीकडचा फॉल्ट उलट त्या नळापर्यंत आणून ठेवाल. प्लास्टिकच्या पायपातलं पाणी थोडं वाहक असतं, पण त्यासाठी बाँडिंग करत नाहीत. पाईप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) असेल तर मोजून बघा: मेन बंद, गीझर पायपापासून सोडवलेला, आणि पाईप ते मेन अर्थ बार (बोर्डातली सगळ्या अर्थ वायरी जोडायची पट्टी) रेझिस्टन्स. ब्रिटिश पद्धतीत २२-२३ किलोओहमच्या वर आला तर बाँडिंग लागत नाही, कारण मग २३० व्होल्टला १० मिलिअँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. गीझर सोडवायचं विसरू नका, नाहीतर त्याच्याच अर्थमधून रीडिंग शून्याजवळ येईल.

जुन्या इमारतीत मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. सदाशिव पेठेतल्या एका घरात बघितलेलं सांगतो, मोरीतल्या जीआय पायपाला हिरवी वायर नुसती पिळून गुंडाळलेली, खाली रंग तसाच, त्यावर गंज, आणि अख्ख्या घराचा अर्थ म्हणजे तेवढंच. खालच्या मजल्यावर प्लंबरने मधला तुकडा काढून प्लास्टिकचा टाकला आणि त्या दिवसापासून वरच्या नळाला करंट, कारण पायपाचा जमिनीशी संबंधच तुटला होता. पाईप अर्थला जोडणं वेगळं आणि पायपातून अर्थ घेणं वेगळं, दुसरं कधीही करू नका, आणि भिंत फोडली आहेच तर अशी एखादी वायर दिसते का ते आत्ताच बघून घ्या.

आणखी एक, जे तिकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपण बादली घेऊन ओल्या फरशीवर अनवाणी उभे असतो. पाईप बाँड केला पण आरसीसीबी नाही, तर फॉल्टच्या वेळी नळाचं व्होल्टेज अर्थ बारबरोबर वर चढणार आणि फरशीचं शून्याजवळच राहणार. म्हणून माझ्या मते क्रम ठरलेला आहे: आधी खरा अर्थ, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (१०० किंवा ३०० चा माणसासाठी नसतो), आणि मग पायपाचं बाँडिंग. इंग्लंडमध्येसुद्धा २००८ पासून, बाथरूमच्या सगळ्या सर्किटला ३० चं संरक्षण, वेळेत सप्लाय तुटणं आणि मेन बाँडिंग (पाईप घरात शिरतो तिथे त्याला मेन अर्थला जोडणं) एवढं असेल तर बाथरूममधलं जादा बाँडिंग माफ आहे. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन बायपास करून देतो, तसं अजिबात करू देऊ नका, बहुतेक वेळा कुठेतरी न्यूट्रल मिक्स (एका सर्किटची दुसऱ्याला जोडलेली) झालेली असते, ती शोधायला लावा. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने अर्थ आहे की नाही ते कळत नाही, अर्थ वेगळा तपासायचा.

जीआय ठेवणारच असाल तर मेन बाँडिंगला किमान ६ स्क्वेअर एमएम तांबं, पाईप घासून चकचकीत करून योग्य क्लॅम्प, आणि तो उघडून बघता येईल अशा जागी, टाइलच्या मागे नको. बाथरूमच्या आत गीझरच्या अर्थपासून पायपाला वेगळी वायर टाकलीत तर ४ एमएमची, वायरिंगच्या पाइपातून (कॉन्ड्युट) नेली तर २.५ चालते. गच्चीवरून येणारी डाऊनटेक लाईन जीआयची असेल तर तिचं बाँडिंग हे सोसायटीचं काम आहे, मीटर रूममध्ये पंपाच्या लाईनजवळ एकदाच करून घ्यायचं, कमिटीला लेखी द्या.

गॅसचं म्हणाल तर पीएनजीची (घरात पाइपने येणाऱ्या गॅसची) जमिनीखालची लाईन प्लास्टिकची असते, जिन्यातला पिवळा पाईप जीआयचा. त्याला स्वतः हात लावू नका, क्लॅम्पसुद्धा नको, गॅस कंपनीला विचारून त्यांच्याच माणसाकडून काय ते करून घ्या.

गीझरच्या सॉकेटला अर्थ मिळाला का आणि बोर्डात आरसीसीबी किती मिलिअँपिअरचा निघाला ते कळवा, मग पुढचं सांगतो.