बेथ्यूनबाईंची कागदपत्रे : फोल्डरच्या शीर्षकपानाशिवाय प्रती स्वीकारू नका

आपण लिहिले आहे की, सावित्रीबाई फुले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणकर्त्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या मुलींच्या शाळांवर आपण पीएच.डी.चे काम करीत आहात, बेथ्यूनबाईंच्या खासगी कागदपत्रांचे स्कॅन एका ग्रंथालयाकडून पैसे भरून मागवले आहेत, आणि आता हाती आलेल्या पानांपैकी कोणते पान कोणत्या फोल्डरमधले हे कळत नसल्याने मार्गदर्शक ती उद्धृत करू देत नाहीत. हीच अडचण काही वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला आली होती आणि तिने माझे एक संपूर्ण प्रकरण अडवून ठेवले होते, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे. बाईंचे चरित्र आपणांस ठाऊक आहेच, ते येथे सांगत नाही. कागदपत्रांबद्दलच बोलते.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सावित्रीबाईंच्या बाबतीत आपली अडचण टंचाईची असते. जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीनच पत्रे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत आणि अभ्यासकाला त्यांतली ओळ न् ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. बेथ्यूनबाईंच्या बाबतीत नेमके उलट आहे. कागद विपुल आहेत, पण ते एका जागी नाहीत आणि कोणतेही एक ग्रंथालय तसा दावा करीत असेल तर तो मान्य करू नका. फ्लोरिडातील डेटोना बीच येथे, त्यांच्या राहत्या घराशी जोडलेल्या बेथ्यून फाउंडेशनच्या संग्रहात खासगी कागदांचा मोठा भाग आहे आणि मायक्रोफिल्मवर (कागदांची लहान छायाचित्रे असलेल्या फिल्मच्या रिळांवर) जे आपण पाहिले ते बहुधा तेच आहे. न्यू ऑर्लिन्सच्या ॲमिस्टॅड संशोधन केंद्रात त्यांच्या कागदांचा दुसरा, लहान संग्रह आहे. १९३५ साली त्यांनी स्थापन केलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेचे दप्तर वॉशिंग्टनमधील कौन्सिल हाऊसमध्ये होते, ते आता मेरीलँडमधील लँडओव्हर येथे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात त्यांनी नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन या तरुणांसाठीच्या सरकारी यंत्रणेत जे काम केले, त्याची कागदपत्रे सरकारी असल्याने राष्ट्रीय अभिलेखागारात ११९ क्रमांकाच्या गटात सापडतात. शाळा चालवणारी, देणग्या गोळा करणारी आणि सरकारी पद सांभाळणारी व्यक्ती एकच असली तरी तिचे कागद ज्या त्या खुर्चीच्या मागे गेले आहेत, हे लक्षात ठेवूनच शोध घ्यावा लागतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. त्या ग्रंथालयाचे नाव मी येथे घेणार नाही. तेथील माणसे बदलली असतील आणि नियमही. बेथ्यून फाउंडेशनच्या संग्रहाची मायक्रोफिल्म चार भागांत निघाली आहे : लेखन, रोजनिशी आणि कात्रणवह्यांचा पहिला भाग, पत्रव्यवहाराचा दुसरा, विषयवार फोल्डरांचा तिसरा, आणि त्यांच्या शाळेचे पुढे झालेले महाविद्यालय व फाउंडेशन यांच्या कारभाराचा चौथा. मी दुसऱ्या भागातल्या काही रिळांवरील पाने मागवली होती. मायक्रोफिल्म करताना प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला त्या फोल्डरचे नाव लिहिलेले एक स्वतंत्र पान चित्रित केलेले असते आणि पुढची सगळी पाने त्या एका पानाच्या आधाराने ओळखायची असतात. त्या कार्यालयात स्कॅन करणाऱ्याने ही शीर्षकपाने ‘कोरी’ समजून गाळली. शिवाय पाने नीटनेटकी दिसावीत म्हणून कडा कापल्या. मला आलेल्या एका पत्राच्या पातळ कार्बन प्रतीवर वरची तारीख चौकटीबाहेर गेली होती, खालच्या डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाची आद्याक्षरे तेवढी उरली होती आणि मधला मजकूर मात्र स्वच्छ वाचता येत होता. असा कागद घेऊन माणूस काय करणार? मजकूर कोणाला उद्देशून आहे हे कळत नाही, कधीचा हे कळत नाही आणि कोणत्या फोल्डरमधला हेही सांगता येत नाही. प्रबंधात त्याचा उपयोग शून्य.

मी कळवले, तेव्हा उत्तर आले की मागितलेली पाने पुरवली आहेत, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. फक्त गाळलेली शीर्षकपाने पाठवा अशी विनंती केली, तर ती नवी मागणी धरून नव्याने शुल्क भरावे लागेल आणि रांगेत पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागेल असे सांगितले. मी शुल्क भरायला तयार झाले, तर रिळे बांधणीसाठी बाहेर गेली आहेत असे कळले. पुढे ती परत आली की नाही हे विचारलेल्या प्रत्येक पत्राला तेच छापील उत्तर येत राहिले. मला राग त्या एका कर्मचाऱ्याचा नाही. ज्या संस्थेचे कामच कागद सांभाळणे आहे, त्या संस्थेला कागदाची ओळख म्हणजे काय हे कळू नये आणि ते समजावून सांगणाऱ्या अभ्यासकाला कटकट करणारे गिऱ्हाईक समजावे, याचा राग आजही आहे. परदेशातून, मर्यादित शिष्यवृत्तीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून जो फटका बसतो तो तेथे बसलेल्यांना दिसतही नाही.

शेवटी सुटका झाली ती दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळे. तेथील वाचनयंत्रावर मी तीच रिळे स्वतः फिरवली, आणि ज्या पत्रावर मी डोके आपटत होते त्याच्या थोडे आधीच फोल्डरचे नाव आणि वर्षे ठळक अक्षरांत दिसली. फिरवायला काही क्षणही लागले नाहीत. म्हणून माझा आग्रह असा की, तुमच्या ग्रंथालयाशी वाद घालण्यात आणखी वेळ घालवू नका. या चारही भागांची छापील मार्गदर्शिका स्वतंत्रपणे उपलब्ध आहे आणि तिच्यात रीळनिहाय व फ्रेमनिहाय (फ्रेम म्हणजे रिळावरील एकेक चित्र) फोल्डरांची यादी दिलेली आहे. तुमच्या प्रतींवर फ्रेम क्रमांक उरला असेल, तर निम्म्याहून अधिक पानांचा पत्ता त्या यादीवरूनच लागेल. प्रोक्वेस्टच्या हिस्टरी व्हॉल्ट या सदस्यत्वाने पाहता येणाऱ्या संग्रहस्थळावरही हा संग्रह डिजिटल स्वरूपात आहे. तुमच्या विद्यापीठाचे सदस्यत्व नसेल, तर भारतातील ज्या संस्थेत अमेरिकन इतिहासाचा विभाग आहे तेथे चौकशी करा, किंवा तिकडे शिकत असलेल्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याला विचारा. पुन्हा कधी प्रती मागवायच्याच झाल्या, तर पहिल्याच पत्रात संग्रहाचे पूर्ण नाव, भाग, रीळ आणि फ्रेम लिहा आणि स्वतंत्र वाक्यात लिहा की प्रत्येक फोल्डरचे शीर्षकपान पाठवावे, पानाच्या कडा कापू नयेत आणि मागची बाजू कोरी नसल्यास तीही पाठवावी. हे मान्य असल्याचे लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका. कोणाला हा अतिरेक वाटेल, पण माझे मत बदललेले नाही.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या प्रश्नात नाही पण पुढे अडवणार आहे. आपणांस १९०४ ते १९१४ हा बेथ्यूनबाईंच्या डेटोना येथील शाळेचा सुरुवातीचा काळ हवा आहे असे दिसते. फाउंडेशनच्या संग्रहातला पत्रव्यवहार १९१४ पासूनचा आहे. त्यामुळे त्याआधीची पत्रे तुम्हांला तेथे सापडली नाहीत, तर बाईंनी पत्रेच लिहिली नाहीत असा निष्कर्ष चुकूनही काढू नका. पत्र ज्याला मिळते त्याच्या घरी ते राहते. याचे आपल्या परिचयाचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र, जे आज आपण वाचतो ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ड्यू बॉइस संग्रहामुळे. त्याच न्यायाने बेथ्यूनबाईंची आरंभीची पत्रे दात्यांच्या आणि ज्येष्ठ शिक्षणकर्त्यांच्या दप्तरांत शोधावी लागतात : काँग्रेस ग्रंथालयातील बुकर टी. वॉशिंग्टन यांचे कागद आणि रॉकफेलर अभिलेखागारातील जनरल एज्युकेशन बोर्डाच्या फायली. ड्यू बॉइस यांचा संग्रह तर घरबसल्या विनामूल्य पाहता येतो, आणि १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत ड्यू बॉइस, वॉल्टर व्हाइट आणि बेथ्यूनबाई हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या एकाच प्रतिनिधिमंडळात होते, त्यामुळे त्या काळासाठी तो जरूर चाळा.

शाळेच्या आरंभीचे दीड डॉलरचे भांडवल, पहिल्या पाच मुली, विकलेले रताळ्याचे ‘पाय’ (भाजलेला गोड पदार्थ) आणि एल्डरबेरीच्या रसाची शाई या ज्या आठवणी प्रत्येक चरित्रात येतात, त्यांच्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. त्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. पण त्या आपल्यापर्यंत प्रामुख्याने बाईंच्या नंतरच्या भाषणांतून, लेखांतून आणि मुलाखतींतून आल्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ प्रसंगी समोर देणगी देऊ शकणारा श्रोता बसलेला होता. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स एस. जॉन्सन यांनी १९४० च्या सुमारास घेतलेली त्यांची दीर्घ मुलाखत फ्लोरिडा राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते; ती जरूर वाचा, परंतु तिला १९०४ चा पुरावा म्हणून वापरू नका. प्रत्येक कथनापुढे ते कोणत्या साली आणि कोणासमोर सांगितले याची नोंद करा. शाळा उभी राहिली ती या कथनकौशल्यावरही उभी राहिली, आणि पैसे मागण्याची ही कला कागदांतून दिसते तेव्हा मला त्यांच्याबद्दलचा आदर वाढल्यासारखा वाटतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या जेम्स गॅम्बल यांना विश्वस्त मंडळावर आणणे आणि शिवणयंत्रांचे कारखानदार थॉमस व्हाइट यांचा हात मोकळा करवणे हे सोपे काम नव्हते.

आपण त्यांना सरसकट ‘मेथडिस्ट शिक्षिका’ म्हटले आहे, तेथेही जपून; मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन हे दोन वेगळे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ आहेत. त्यांचे शिक्षण प्रेस्बिटेरियन संस्थेत झाले, आफ्रिकेत मिशनरी म्हणून जाण्याची त्यांची इच्छा प्रेस्बिटेरियन मंडळानेच नाकारली आणि डेटोनाची शाळा सुरुवातीला कोणत्याही एका पंथाची नव्हती. १९२३ साली जॅक्सनव्हिलच्या कुकमन इन्स्टिट्यूटशी विलीनीकरण झाले तेव्हा शाळा मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या छत्राखाली आली आणि त्यानंतर बाईही त्या चर्चमध्ये गेल्या. पुढे त्याच चर्चमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ करण्याची योजना आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला, पण मेथडिस्ट चर्चांच्या १९३९ च्या एकीकरणात ती अमलात आली. म्हणजे १९२३ नंतरच्या महाविद्यालयाच्या आर्थिक बाबींसाठी चर्चच्या शिक्षण मंडळाचे दप्तर पाहणे आवश्यक ठरते, आणि त्याआधीसाठी तेथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. कुकमनचा वेगळा इतिहास १८७२ पासूनचा आहे, तो मात्र चर्चकडेच शोधावा.

छायाचित्रे आणि अप्रकाशित पत्रे छापण्याबद्दल आपण शेवटी विचारले आहे. मी वकील नाही, प्रकाशकाकडून खात्री करून घ्या. बाईंचे निधन १८ मे १९५५ रोजी झाले. अमेरिकन कायद्यानुसार अप्रकाशित लेखनाचे हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे, त्या वर्षअखेरपर्यंत टिकतात; म्हणजे त्यांच्या अप्रकाशित पत्रांची मुदत २०२५ च्या शेवटी संपते. मात्र १९७८ ते २००२ या काळात जी पत्रे प्रथम प्रसिद्ध झाली, त्यांचे संरक्षण २०४७ च्या अखेरपर्यंत असू शकते, आणि त्यांना आलेल्या पत्रांचे हक्क पाठवणाऱ्याकडे असतात, त्यामुळे प्रत्येक पत्रासाठी वेगळे पाहावे लागेल. कागद ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिची परवानगी आणि मजकुराचा हक्क या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत, आणि कार्यालये त्या वारंवार एकच असल्याचे सांगतात.

जाता जाता एवढेच की, तुलनेच्या प्रस्तावनेत आपण दोन देशांचा संबंध शोधत असाल, तर तो आधीच जोतीरावांनी बांधून ठेवला आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना उद्देशून आहे, आणि बेथ्यूनबाईंचे आईवडील त्याच गुलामगिरीतून मुक्त झालेले होते.

आपल्या प्रतींपैकी ज्यांवर फ्रेम क्रमांक दिसतो त्यांची यादी येथे टाकावी. माझ्याकडे दुसऱ्या भागाच्या मार्गदर्शिकेतील नोंदी आहेत, त्यांत पाहून फोल्डरची नावे कळवीन. फ्रेम क्रमांकच नसलेल्या पानांसाठी वर उजव्या कोपऱ्यातील पेन्सिलीची खूण आणि टंकलेखकाची आद्याक्षरे लिहून ठेवा. सलग पानांवर ती जुळली, तर निदान क्रम तरी लावता येईल.