घरातल्या भंगारातून खिशात मावेल अशी, धातूच्या नळीची बॅटरी बनवता येईल का?

येते. मी आतापर्यंत चार केल्या. त्यातल्या दोन चालतात, म्हणजे माझा अनुभव किती ते तुमच्या लक्षात आलं असेल. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. खालीही तसंच वाचा.)

पहिली केली पडद्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या दांडीतून. दिसायला झकास, पण दोन मिनिटं नीट पेटायची, मग मिणमिणायची. तळहातावर आपटली की परत उजेड. भंगारात चूक शोधताना आपण एलईडीवर संशय घेतो, सेल बदलतो. दोष त्यांचा नव्हता. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि दोन साधे सेल मिळून देतात ३. मध्ये सांडायला काहीच शिल्लक नाही. दिव्यातून २० मिलिअँपिअर जात असताना एखाद्या कच्च्या सांध्याचा विरोध १० ओहम झाला, तर तिथेच ०.२ व्होल्ट जातात आणि उजेड डोळ्यांना दिसेल इतका उतरतो. त्या दांडीवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा थर होता. त्यातून वीज जात नाही. खरवडून काढला तरी ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. दुसरी बॅटरी स्टीलच्या नळीची, तिचीही तीच रड.

म्हणून माझं ऐकाल तर तांबं घ्या. एसी बसवणाऱ्यांकडे अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपचे वीतभर तुकडे पडलेले असतात. बाहेरून १२.७ मिमी, जाडी साधारण ०.८, म्हणजे आत ११ मिमीच्या थोडं वर. ‘ट्रिपल ए’ सेल १०.५ मिमीचा असतो. जणू त्याच्याचसाठी केलेली नळी. त्यापेक्षा जाड पाइपच्या मोहात पडू नका. पाच अष्टमांश इंची पाइपमध्ये ‘डबल ए’ जाईल असं वाटतं, पण तो १४.५ मिमीचा असतो आणि तोंडातच अडकतो. १२ सेंटिमीटर तुकडा पुरतो. पाइप कटरने कापला असेल तर काठ आत वळलेला असतो, तो कानसने नीट घासा, नाहीतर सेल तिथेच अडतो.

मागच्या टोकाला सहा एमएमचा पितळी नट बसवा. त्याचे कोपरे नळीपेक्षा किंचित मोठे भरतात, तेवढे घासून ठोकायचा आणि सोल्डर करायचा. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न इथे कामाचं नाही, तांबं सगळी उष्णता पळवतं. जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावा आणि नळी गॅसच्या मंद आचेवर पक्कडीने धरा. नंतर गरम पाण्याने धुवा. फ्लक्स राहिला की महिन्याभरात हिरवं होतं आणि पुन्हा तेच आपटणं सुरू. नटातून जाणारा पितळी स्क्रू हाच तुमचा स्विच. त्याच्या टोकावर मोडक्या रिमोटमधली स्प्रिंग सोल्डर करा, आणि सेल व स्प्रिंग यांच्यामध्ये स्पंजची एक कडी ठेवा. स्क्रू आवळला की स्पंज दबतो आणि स्प्रिंग सेलला भिडते, सैल केला की सुटते. खिशातल्या किल्ल्यांनी चुकून चालू होणाऱ्या घसरत्या स्विचपेक्षा मला हा बरा वाटतो.

नळीच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ कागदाची एक पुंगळी सरकवाच. अल्कलाइन सेलची बाहेरची डबी अधिक असते आणि तुमची नळी उणे. सेलवरचं वेष्टन फाटलं की थेट शॉर्ट.

पुढच्या तोंडाला लाकडाचं घट्ट बूच, त्यात भोक पाडून ५ मिमीचा एलईडी. लायटरमागे जो छोटा दिवा असतो तो चालतो. त्याचं भिंग त्याच्यातच असतं, रिफ्लेक्टरची कटकट नाही. बिघडलेल्या एलईडी बल्बमधले ठिपके काढत बसू नका. त्यातल्या कित्येकांना एकेकट्यालाच ९ किंवा १८ व्होल्ट लागतात. लांब पाय बुचाच्या मागे पितळी ड्रॉइंग पिनला सोल्डर करायचा, आखूड पाय बुचाच्या बाजूने वळवून नळीत दाबून बसवायचा. दोन साध्या सेलवर मी रेझिस्टर (वीज आवरणारा छोटा भाग) लावत नाही. चार्जिंगचे सेल मात्र १.२ व्होल्टचे, दोन मिळून २.४, त्यावर हा दिवा धड पेटणार नाही.

मोबाइलमधली लिथियम बॅटरी वापरू का, असं कुणीतरी विचारणारच. टेबलावरच्या दिव्याला वापरा, ५६ ओहमचा रेझिस्टर लावून. धातूच्या नळीत घालून पँटच्या खिशात? मी नाही ठेवणार. फुगलेली असेल तर हातही लावू नका.

सगळं करून पेटली नाही, तर मोडतोड करण्याआधी एलईडीचे पाय पाहा. लांब पाय म्हणजे अधिक, आणि सेलचं बोंडूक, म्हणजे अधिकचं टोक, त्याच्याकडे हवं. माझी तिसरी बॅटरी एवढ्याच कारणाने दोन दिवस बंद होती. तोवर माझा नट दोनदा उखडून झाला होता.