आईची ‘पॉवर’ अजून चालते का?

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची आहे. राजारामपुरीतलं घर आणि करवीर तालुक्यातली दीड एकर जमीन तिच्या नावावर आहे. २०१८ साली तिनं माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून दिलं, ते रजिस्टरही केलं आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. सकाळी आंघोळ झाली की ती अगदी नीट बोलते, संध्याकाळी मलाच ‘कोण गं तू?’ म्हणते. भाऊ टेक्सासला असतो. तो म्हणतो, तिकडं ‘ड्युरेबल पॉवर’ असते, माणसाचं भान गेलं तरी चालते. त्यानं तिथला छापील फॉर्म पाठवलाय. त्यावर आईची सही घेऊ का? आणि माझ्याकडच्या जुन्या पॉवरवर जमीन विकता येईल का? आईच्या औषधपाण्यासाठी पैसे उभे करायचे आहेत.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, तो फॉर्म आधी घडी घालून ठेवून द्या. भाऊ खोटं बोलत नाही, पण तो तिथलं सांगतोय आणि जमीन इथं आहे.

अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानं चालवतं. पूर्वी तिथंही आपल्यासारखंच होतं, देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारपत्र संपलं. मग १९५४ साली व्हर्जिनियानं पहिल्यांदा कायदा करून भान गेल्यावरही टिकणारी पॉवर मान्य केली, आणि हळूहळू बाकीची राज्यं त्या वाटेनं गेली. २००६ साली तिथं एक नमुना कायदा तयार झाला. त्यात वेगळं काही लिहिलं नसेल तर पॉवर टिकाऊच धरायची, असं उलटं माप लावलं. बऱ्याच राज्यांनी तो घेतला. टेक्सासचं मात्र असं, की भान गेल्यावरही ही पॉवर चालू राहील, अशा अर्थाचे शब्द त्या कागदात असावेच लागतात. तुमच्या फॉर्मवर ते छापलेले असतील. माणूस गेल्यावर मात्र ती कुठल्याच राज्यात चालत नाही.

आपल्याकडं १८७२ चा करार कायदा आहे. त्याच्या कलम २०१ मध्ये मुखत्यारी कशानं संपते ते सांगितलंय : देणारा किंवा घेणारा मेला, किंवा त्याला वेड लागलं, तर. शब्द कडू आहेत, पण डिमेन्शियाचं माणूस पुढं जाऊन त्यातच बसतं. आपण पॉवर करून घेतो ती आईला उद्या काही सुचलं नाही तर असावी म्हणून, आणि नेमका तो ‘उद्या’ उजाडला की कागद मरतो. १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा आहे, त्यातही यावर उतारा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सासूबाईंचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडं होतं, लोखंडी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांना ओळख पटेनाशी झाल्यावरही चार महिने मी त्यावर त्यांची पेन्शन काढली. वकील असून! पाचव्या महिन्यात बँकेतल्या साहेबांनी ‘आजींना घेऊन या’ म्हणून सांगितलं. रिक्षातून नेलं. कारकुनानं हातात पेन दिला. त्यांनी जीभ दाताखाली धरून, सावकाश, सुवाच्य अक्षरात सही केली आणि आडनाव माहेरचं घातलं. लग्नाला साठ वर्षं झाली होती. कारकून माझ्याकडं बघायला लागला. पिशवीतला कागद मी बाहेरसुद्धा काढला नाही.

आता तुमचं. नुसतं निदान झालं म्हणून आई कायद्यानं असमर्थ ठरत नाही. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं, व्यवहार करताना तो समजत असेल आणि आपलं हित-अहित ठरवता येत असेल, तर तो माणूस करार करायला समर्थ. एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना करार करू शकतो. म्हणजे सकाळची आई सही करू शकते. म्हणून २०१८ च्या पॉवरवर जमीन विकायच्या भानगडीत पडू नका. घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, ‘दस्ताच्या दिवशी आई कशा होत्या?’ विकायचीच असेल तर आईनं स्वतः विकावी. दुय्यम निबंधकांकडं अर्ज केला की खास कारणासाठी ते घरी येऊन दस्त नोंदवतात, तशी तरतूद आहे. त्याच दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांचा दाखला घ्या, तारीख आणि वेळेसकट. भावाला संमती देणार म्हणून दस्तात घ्या. तो येऊ शकत नसेल, तर त्यानं त्यापुरतं मुखत्यारपत्र ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवावं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा. (दीड एकरातला नुसता तुकडा विकायचा असेल तर तुकडेबंदीचं आधी बघा. तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.)

आणि आईला विकायची नसेल तर? तिला विचारलंय का, हे तुमच्या पत्रात कुठं दिसलं नाही.

सकाळही हातची गेली, तर उरतं न्यायालय. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांपुरता आहे, मालमत्तेला हात घालत नाही. त्यामुळं अशा घरातली माणसं उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घेतात. वैद्यकीय कागद, सगळ्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी असं सगळं लागतं, आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. पूर्वी यासाठी मुंबईला खेटे घालावे लागायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तेवढा तरी प्रवास वाचला.

जुनं मुखत्यारपत्र मात्र फाडू नका. मुखत्यारी संपली तरी आईच्या मालमत्तेची राखण करायची जबाबदारी कलम २०९ तुमच्यावरच टाकतं. घरफाळा, लाइटबिल, गळकं छप्पर हे बघत राहा, पावत्या ठेवा.

भावाला सांगा, तो फॉर्म त्यानं स्वतःसाठी भरावा. त्याचंही घर, बँक तिकडं आहे, तिथं तो उपयोगी पडेल. आणि तुम्ही या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. सकाळची, आंघोळीनंतरची.