आपत्कालीन विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांस

आपल्या देशात आपत्कालीन वैद्यकशास्त्र या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता २००९ साली मिळाली. त्यामुळे तुम्हाला शिकवणारे काही वरिष्ठ मेडिसिन, सर्जरी किंवा भूलशास्त्रातून आलेले असू शकतात. त्यात उणेपणा मानू नका, ज्याचा ज्यात हातखंडा आहे ते त्याच्याकडून उचला. श्वासनलिकेत नळी घालण्याचे तंत्र तर आधी शस्त्रक्रियागृहात, भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभे राहूनच शिकावे.

एसीएलएसचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्याच्या प्रगत प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, पण हात काही महिन्यांतच विसरतात, म्हणून पुतळ्यावरचा सराव सोडू नका.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित अभ्यास म्हणजे पाठपुरावा. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आपण दहा मिनिटांत काढतो, त्याला वर पाठवतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. परंतु दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्याचे अंतिम निदान पाहिल्याशिवाय आपला अंदाज बरोबर होता की चुकला, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. मी पहिले वर्षभर हे केले नाही, याची हळहळ अजून वाटते.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, रोजच्या रोज भरा. प्रबंधासाठी मात्र सर्पदंश किंवा कीटकनाशकाची विषबाधा असा, तुमच्याच रुग्णालयात ज्याचे रुग्ण नियमित येतात, तोच विषय घ्या.