जंक जर्नलसाठी (जुनी बिलं, तिकिटं, कागद चिकटवून केलेली वही) पुण्यात स्वस्तात सामान कुठे मिळेल? साधारण किती खर्च येतो?

मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी किंवा रविवारी. घासाघीस करा. पण त्याआधी घरचा माळा बघितलात का?

बाबा गेले आणि पंधरा दिवसांत दादाने त्यांचं कपाट रिकामं केलं. मी धायरीहून शनिवार पेठेत पोचले तेव्हा रद्दीवाला काटा लावून बसला होता आणि दादा किलोमागे दोन रुपये वाढवून मागत होता. एका गठ्ठ्यातून विजेची बिलं डोकावत होती. मी तो ओढून घेतला. दादा म्हणाला, "कचरा गोळा करायची हौसच आहे तुला." रद्दीवाल्याने मात्र सुतळी बांधून दिली, पैसेही घेतले नाहीत.

बिलांच्या पाठीमागे बाबांचे हिशेब निघाले. दूध, रॉकेल, 'ताईची लोकर'. शिवाय पीएमटीची, म्हणजे पुण्यातल्या जुन्या सिटी बसची, तीसेक तिकिटं. बाबा तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे, त्यामुळे ती अजून वळलेली आहेत. आठवडाभर पाट्याखाली ठेवली, तरी सपाट होईनात. शेवटी एकाच टोकाला चिकटवली. पान उघडलं की उभी राहतात.

ते ऑनलाइन 'व्हिंटेज' स्टिकरचे पुडे घेऊ नका. पॅरिसच्या ट्रामचं छापील तिकीट तुमच्या वहीत कशाला? स्वारगेटचं चिकटवा की!

खर्च म्हणाल तर माझा ग्लू स्टिकचाच. फेविकॉलने पातळ कागद सुरकुततो. खळ (पिठाची शिजवलेली चिक्की) करणार असाल तर पुस्तकं बांधणारे बाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, नाहीतर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागते. ते विषारी असतं, भांडं वेगळं ठेवा. दुकानातली हल्लीची गुळगुळीत बिलं वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स लावा.

सगळंच जपा असं मी म्हणत नाही हं. बाबांच्या त्या विजेच्या बिलांतली निम्मी मीच नंतर रद्दीत दिली. आणि सातबारा किंवा इंडेक्स टू (घर-जमिनीच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) सापडला तर कात्री लावू नका, घरात महाभारत होईल.

मागच्या दिवाळीत दादाने त्याच्या लग्नाची पत्रिका मागितली, मुलांना दाखवायला. त्याच गठ्ठ्यात होती, हळदीच्या बोटांसकट. पान चौदा. बघायची तर धायरीला ये म्हटलं.