मागच्या जिन्याचं कुलूप

प्रश्न : मेट्रन मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला असते. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. मागच्या जिन्याच्या दाराला रात्री नऊला कुलूप लागतं. मोबाइल चोरीला जातात, शिवाय बिल न भरता तिथूनच पेशंट गेलेत. किल्ली खाली वॉचमनकडं. जिन्यात मोडक्या खाटा, सलाइनचे खोके आणि नातेवाइकांच्या सतरंज्या. साहेब म्हणतात, "किल्ली आहे ना, मग काय?" आग लागली तर हे दार आणि जिना मोकळा हवा, हे त्यांना कसं पटवू?
— एक परिचारिका

उत्तर : सिस्टर, साहेबांना म्हणावं, एकदा रात्री दोनला वॉर्डातून वॉचमनला हाक मारून बघा. तो जागा होणार, जुडग्यातली किल्ली शोधणार, दोन मजले चढणार. धूर तेवढा थांबत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात कक्षात आग लागली तीसुद्धा मध्यरात्र उलटल्यावर. १७ बाळांपैकी १० गेली. आणि तुमच्या दोन्ही हातांत पेशंट असताना कुलूप कोणी उघडायचं?

चोरीची काळजी खोटी नाही. पण त्याला कुलूप हा इलाज नव्हे. आतून दांडा ढकलला की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार मिळतं. त्याला अलार्म जोडून घ्या. बिल बुडवणारा मग सगळ्या वॉर्डाला उठवूनच जाईल.

आता खाटा. आमच्या सरकारी दवाखान्यात मोडकी खाटसुद्धा निर्लेखनाशिवाय, म्हणजे कागदोपत्री बाद ठरवल्याशिवाय, हलत नसे. डेडस्टॉक रजिस्टर, समिती, सह्या. तोवर ती जिन्याखाली गंजत पडायची. तुमच्या साहेबांना तो जाच नाही, भंगारवाल्याला एक फोन पुरे. खोके तर आधी काढा. पुठ्ठा भुरकन पेटतो, आणि जुन्या गादीतल्या फोमचा धूर ज्वाळेआधी जीव घेतो. ज्याला चालता येत नाही त्याला चादरीत घेऊन चौघं चार कोपरे धरून उतरतात. त्यांना वळायला जागा जिन्याच्या चौकातच लागते, आणि नेमकी तिथंच खाट उभी केलेली असते. लिफ्ट अशा वेळी वापरायचीच नाही. त्याच मजल्यावर धूर अडवणारं दार असेल तर पेशंट आधी त्याच्या पलीकडं न्यायचे, मग खाली. त्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवतात, तेवढी वीट तुम्ही स्वतः उचला.

नातेवाइकांवर ओरडून उपयोग नाही. आपल्याकडं एका पेशंटामागं अर्धं गाव येतं, ते झोपणार कुठं? पोर्चमध्ये पत्र्याखाली जागा द्या, एक पंखा आणि मोबाइल चार्जिंगचे चार पॉइंट लावा. जिना आपोआप मोकळा होतो.

एवढ्यानंही साहेब हलले नाहीत तर कायदा काढा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस बहुतेक सकाळी अकराला येतो, आग विझवायची नळकांडी मोजतो, चहा पितो. त्या वेळी कुलूप काढलेलंच असतं. या खेपेला त्याला रात्री नऊनंतर बोलवा, आणि मागच्या जिन्यानंच वर यायला सांगा.