कल्ल्यांवरचे पांढरे पुंजके

प्रश्न : माझ्याकडे दीड वर्षाचा अ‍ॅक्सोलॉटल आहे. चार दिवसांपासून त्याच्या कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसत आहेत, त्याने गांडुळे खाणे सोडले आहे आणि शेपटीचे टोक सतत वळलेले असते. टाकीतले पाणी २७ अंश सेल्सिअस आहे. दुकानदाराने माशांच्या बुरशीवरचे हिरवे औषध टाकीत घालायला सांगितले आहे. घालावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते औषध कृपया घालू नका. अशा हिरव्या औषधांत बहुधा मॅलाकाइट ग्रीन हे बुरशीनाशक रंगद्रव्य असते. अ‍ॅक्सोलॉटल हा मासा नव्हे, उभयचर आहे. त्याच्या उघड्या, खवले नसलेल्या त्वचेतून पाण्यातले बरेच काही थेट शरीरात शिरते, त्यामुळे माशाला सोसणारी मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते. तांबेयुक्त औषधेही याच कारणाने टाळावीत.

आपल्या पत्रातील खरी काळजीची गोष्ट बुरशी नसून २७ हा आकडा आहे. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातल्या, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावरच्या थंड पाण्यातला, आणि त्याला १६ ते १८ अंश मानवतात. २४ अंशांच्या वरचे पाणी दिवसेंदिवस राहिले की प्रतिकारशक्ती खालावते, पाण्यातला प्राणवायू घटतो, विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो आणि एरवीही पाण्यात असणारी बुरशी अशक्त झालेल्या कल्ल्यांवर ठाण मांडते. म्हणून आजच टेस्ट किटने पाणी तपासावे : अमोनिया व नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत असलेले बरे. शेपटीचे टोक वळणे हे ताणाचे लक्षण आहे. फिल्टरचा झोत जोराचा असेल तर तोही मंद करावा.

त्याला झाकण असलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या टबात, क्लोरीन काढलेल्या पाण्यात ठेवावे आणि ते पाणी रोज पूर्ण बदलावे. बर्फ थेट पाण्यात न टाकता गोठवलेली बंद बाटली ठेवून तापमान हळूहळू उतरवावे. बुरशीसाठी मिठाचे स्नान उपयोगी पडते : एक लिटर पाण्यात आयोडीन नसलेले मीठ दोन सपाट चहाचे चमचे पूर्ण विरघळवावे, त्यात दहा मिनिटे ठेवावे, पंधरा मिनिटांपेक्षा अधिक कधीच नाही, आणि दिवसातून दोनदापेक्षा जास्त वेळा नाही, कारण मीठ कल्ल्यांनाही जाळते. स्नानात तो तडफडू लागला तर वेळेची वाट न पाहता लगेच बाहेर काढावा. पुंजके चिमट्याने ओढू नयेत, त्याबरोबर कल्ल्यांचे तंतू तुटतात. कल्ल्यांचे तंतू झडले तरी घाबरू नये; पाणी थंड व निर्मळ राहिले तर काही आठवड्यांत पुन्हा फुटतात.

खाण्याचा आग्रह सध्या नको. प्रौढ अ‍ॅक्सोलॉटल काही दिवस उपाशी राहू शकतो, आणि न खाल्लेले गांडूळ पाणीच बिघडवते. टाकीच्या तळाशी खडी असेल तर मात्र तेवढे कळवा, कारण गिळलेल्या खड्यांनी आतडे अडले तरी तो असाच खाणे सोडतो.

पोटावर किंवा पायांवर लाल चट्टे उमटले, अंग फुगले, किंवा तीन-चार दिवसांत बुरशी कमी झाली नाही, तर उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्यावे. लाल चट्टे हे रक्तात पसरलेल्या जिवाणुसंसर्गाचे लक्षण असू शकते. त्यावर प्रतिजैविक लागते आणि त्याची मात्रा वजनावरून पशुवैद्यांनीच ठरवायची असते. जाताना तपासणीचे आकडे आणि टबातल्या पाण्याची बाटली सोबत न्यावी.